पाण्यातल्या दिव्याची पारख

कापडपेढीवर शालू निवडणारी गृहिणी दुकानातील दिव्यांवर कधीच पूर्ण विश्वास ठेवीत नाही. दहा शालू गादीवर उलगडले जातात, त्यांतले दोन बाजूला निघतात आणि मग ते दोन हातांवर घेऊन ती उंबऱ्यापाशी, उन्हाच्या तिरिपेत जाऊन उभी राहते. ट्यूबलाइटखाली डाळिंबी भासलेला रंग तेथे विटकरी निघतो. जाणता दुकानदार तिला अडवीत नाही, उलट वाटेतले गठ्ठे बाजूला सरकवून देतो. रंग कापडात असतो हे अर्धेच सत्य आहे, उरलेला अर्धा प्रकाशात असतो, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहाराने शिकविलेले असते.

कोल्हापुरातील अशाच एका तीन पिढ्यांच्या पेढीच्या घरी एका रविवारी सारे कुटुंब दूरचित्रवाणीसमोर बसले होते. महाविद्यालयात शिकणारी नात तारकर्लीला स्कूबाचे रीतसर प्रशिक्षण घेऊन आली होती आणि सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या पाण्यात छोट्या ॲक्शन कॅमेऱ्याने तिने काही चित्रण केले होते. १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला हा मालवणचा किनारा. तेथे प्रवाळ आहेत, स्पंज आहेत, माशांचे थवे आहेत. पडद्यावर मात्र सारेच निळसर-हिरवे दिसत होते. जणू कपड्यांना नीळ घालून उरलेले पाणी कोणी त्यावर ओतले असावे. “आजी, हा जो काळा डाग दिसतोय ना, तो खरा कुंकवासारखा लाल होता,” असे नात सांगत होती. “सरांनी त्यांच्या हातातला दिवा त्याच्यावर धरला, तेव्हा मी स्वतः पाहिला.” आजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, डाग काळाच होता.

आजोबा इतका वेळ गप्प होते. “म्हणजे माल चांगला आहे,” ते म्हणाले, “दुकानात उजेड नाही.”

दिव्यासाठी त्यांनी वीस हजार रुपये मंजूर केले. अट एकच: आधी सगळा हिशेब समजावून सांगायचा, पैसे मग.

हिशेबाची सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. सूर्यप्रकाशातील सारे रंग पाणी सारखेच पुढे जाऊ देत नाही. तांबडा सर्वांत आधी शोषला जातो. पहिल्या पाचएक मीटरांतच त्याचा बहुतेक जोर ओसरतो. त्यानंतर नारिंगी फिकटतो, आणखी खाली पिवळा. निळा मात्र स्वच्छ समुद्रात फार खोलवर पोहोचतो. समुद्राचा निळेपणा हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, तर पाण्याच्या रेणूंकडून होणारे प्रकाशाचे विकिरण त्यामागे आहे, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ सालच्या आपल्या सागरी प्रवासानंतर दाखवून दिले. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि सूक्ष्म शेवाळ मिसळलेले असते, ते निळ्यालाही खाते. म्हणून मालवणचे पाणी अंदमानच्या पाण्यापेक्षा हिरवे दिसते.

येथे एक बाब बहुतेक खरेदीदारांच्या ध्यानातून निसटते. प्रकाशाने पाण्यातून कापलेले एकूण अंतर मोजायचे असते, केवळ खोली नव्हे. पाच मीटर खोलीवरचा स्पंज तीन मीटरांवरून टिपला, तर सूर्याचा प्रकाश पाच मीटर खाली आणि तीन मीटर आडवा, असा आठ मीटर पाणी ओलांडून कॅमेऱ्यात शिरतो. त्याच स्पंजापासून अर्ध्या मीटरवर दिवा आणि कॅमेरा धरला, तर दिव्याचा प्रकाश अर्धा मीटर जातो आणि अर्धा मीटर परततो. एकूण एक मीटर, तांबडा शाबूत. परंतु दिवा घेऊन तीन मीटर दूरच राहिले, तर जाऊन-येऊन सहा मीटर होतात. अशा वेळी दिवा दसपट बलवान असला तरी परत येणाऱ्या प्रकाशात तांबड्याचा वाटा अल्पच राहणार. थोडक्यात, अंतराने गमावलेला रंग शक्तीने विकत घेता येत नाही. महागड्या दिव्यांच्या जाहिराती ही गोष्ट सांगत नाहीत, आणि त्यांनी ती सांगावी अशी अपेक्षाही व्यापारी माणसाने करू नये.

दुसरा हिशेब उजेडाच्या प्रमाणाचा. दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाला ल्यूमेन म्हणतात. तो पृष्ठभागावर किती दाट पडला हे लक्समध्ये मोजतात. ल्यूमेन म्हणजे पेढीत आलेला एकूण माल आणि लक्स म्हणजे एका गिऱ्हाईकाच्या वाट्याला आलेला. हवेत १०० अंशांत पसरणारा झोत सपाट काचेच्या दिव्यातून पाण्यात शिरताना वाकतो आणि सुमारे ७० अंशांचा होतो. अशा झोतात १००० ल्यूमेन सारखे पसरले, तर एक मीटरवर साधारण ९०० लक्स पडतात. अर्ध्या मीटरवर तेच ३५०० होतात आणि फूटभर अंतरावर साडेनऊ हजारांच्या घरात जातात. उलट दोन मीटरांवर उरतात जेमतेम २२०. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई, हा नियम हवेतही आहेच. पाणी त्यातून आपली दलाली आणखी कापते. आता भर दुपारचे थेट ऊन पृष्ठभागावर सुमारे एक लाख लक्सचे असते. चार-पाच मीटर खोलीवर, मध्यान्हीच्या उन्हात, दोन मीटरवरच्या माशावर छोटा दिवा रोखणे म्हणजे देव्हाऱ्यातील निरांजनाने मांडव उजळण्याचा प्रयत्न करणे होय.

यावरून ‘किती ल्यूमेनचा दिवा?’ हा पहिला प्रश्न नव्हेच. काय टिपायचे आहे, हा पहिला प्रश्न. किल्ल्याच्या पायथ्याचे विस्तीर्ण दृश्य, माशांचा थवा, पोहणारा सोबती, यांसाठी उथळ पाण्यात दिवा नकोच. सूर्य पाठीशी घ्यावा, पांढऱ्या पाटीवर कॅमेऱ्याचा श्वेत-समतोल साधावा, किंवा भिंगावर तांबडी गाळणी बसवावी. (गाळणी आणि दिवा एकत्र कधीही वापरू नयेत, जवळची वस्तू हळदीकुंकवात बुडाल्यासारखी येते.) कपारीतला खेकडा, कातळाच्या पोटाखालचा स्पंज, समुद्रफुलाच्या पाकळ्यांत दडलेले कोळंबीचे पिल्लू यांच्यासाठी दिवा हवा, आणि तेथे हजार ते अडीच हजार खरे ल्यूमेन पुरतात. ॲक्शन कॅमेऱ्याचे भिंग साधारण ३० सेंटीमीटरच्या अलीकडचे अस्पष्ट दाखवते. म्हणजे कामाचे अंतर उरते ते कापडाच्या जुन्या मापात पाऊण हात ते दोन हात. त्यातही एक फसगत आहे: पाण्यात मुखवट्याच्या काचेतून वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ भासते. डोळ्यांना पाऊण मीटर वाटते तेव्हा खरा मीटर भरलेला असतो. नव्या डायव्हरचे चित्रण फिके येण्यामागे दिव्यापेक्षा हा भास अधिक वेळा असतो.

‘खरे ल्यूमेन’ हे शब्द मुद्दाम योजले आहेत. नातीच्या मोबाइलवर एक जाहिरात रोज येत होती: तळहातात मावणारा दिवा, एकच बॅटरी, २०,००० ल्यूमेन, दोन तास चालणारा, किंमत चार हजारांच्या आत. आजोबांना हा सौदा मोहक वाटला आणि म्हणूनच संशयास्पदही. पडताळणीला कागद-पेन्सिल पुरेशी होती. अशा दिव्यांत बहुधा १८६५० या नावाची लिथियम बॅटरी असते. नावातच तिचे माप आहे, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. या आकारात चांगल्यात चांगली बॅटरी ३५०० मिलिॲम्पियर-तासांच्या आसपास साठा धरते. ३.६ व्होल्टने गुणले की सुमारे साडेबारा वॅट-तास. चांगला एलईडी वॅटमागे साधारण शंभर ल्यूमेन देतो. म्हणजे वीस हजार ल्यूमेनला दोनशे वॅट लागणार, आणि ही बॅटरी चार मिनिटेही टिकणार नाही. दोन तास तर दूरच. याच हिशेबाने अडीच हजार ल्यूमेनचा प्रामाणिक दिवा एका बॅटरीवर पूर्ण तेजात अर्धा तास चालतो. विक्रेता अर्धा तास म्हणत असेल, तर तो खरे बोलत असण्याचा संभव आहे.

बॅटरीच्या वेष्टनावर ९९०० असा आकडा छापलेला दिसला, तर तो दिवा जागीच ठेवून द्यावा. घरात काटा असेल तर आणखी सोपे. चांगली १८६५० बॅटरी ४५ ते ५० ग्रॅम भरते. खोटी पुष्कळदा त्याहून बरीच हलकी निघते. नातीने शेजारच्या सराफांच्या काट्यावर दोन नमुने तोलून पाहिले. सराफांनी यापूर्वी त्या काट्यावर बॅटरी तोलली नव्हती, पण वजनातला फरक पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते ओळखीचे होते.

यानंतर रंगाची पारख; आणि तेथे हे कुटुंब आपल्याच मैदानावर उतरले. दिव्याच्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा एक अंक असतो, त्याला सीआरआय म्हणतात, सूर्यप्रकाश शंभर. स्वस्त पांढऱ्या एलईडीचा अंक सत्तरीत असतो. त्यात निळा भरपूर आणि तांबडा तोकडा. पाण्याने जो रंग खाल्ला तो परत आणण्यासाठी दिवा घ्यायचा आणि त्या दिव्यातच तो रंग कमी असायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. नव्वदीच्या पुढचा अंक आणि ५००० ते ५६०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उन्हाजवळची छटा, एवढे पाहावे. एकाच बॅटरीवर अधिक सीआरआयचा दिवा थोडे कमी ल्यूमेन देतो, ते बिनतक्रार सोसावे. छापील अंकावर विसंबायचे नसेल तर रात्री पेढीतले सारे दिवे मालवून लाल, डाळिंबी, मोतिया आणि त्वचेच्या रंगाचे कापडाचे तुकडे त्या दिव्याखाली पाहावेत आणि दुसऱ्या दिवशी तेच उन्हात. नातीने असे तीन दिवे पारखले. एकाने डाळिंबीचा थेट तपकिरी केला. तो तिघांत सर्वांत अधिक ल्यूमेनचा होता.

ताणून धरलेल्या मांजरपाटावर झोत टाकला की त्याची ठेवणही कळते. मधोमध पांढरा ठिपका आणि कडेला अंधार, असा दिवा शोधासाठी ठीक, चित्रणासाठी नव्हे. तेथे समान पसरणारा, निदान शंभर अंशांचा झोत हवा. तेज कमी करून मोबाइलच्या संथगती चित्रणात दिवा पाहावा. पट्टे अथवा लुकलुक दिसली तर ती समुद्रातही दिसणारच. मात्र या चाचण्या मिनिटभरातच आटोपाव्यात. असे दिवे पाण्याने गार राहतील या हिशेबाने घडविलेले असतात आणि हवेत पूर्ण तेजावर भराभर तापतात.

पावसाळ्यात गगनबावड्याजवळच्या घाटातून कोकणात उतरलेल्या कोणालाही पुढची गोष्ट सांगावी लागणार नाही. दाट धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावले की रस्ता दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्याचे दिवे खाली, नजरेच्या रेषेपासून दूर बसवितात. मालवणच्या पाण्यात गाळाचे आणि सूक्ष्म जीवांचे कण धुक्यासारखेच तरंगत असतात. दिवा भिंगाला चिकटून असेल तर प्रत्येक कण उजळून थेट कॅमेऱ्यात परततो आणि चित्रात बर्फ पडू लागतो. दिवा भिंगापासून हातभर बाजूला, किंचित बाहेर वळवून, विषयाला झोताची फक्त कड लागेल असा धरला की हा बर्फ पुष्कळ ओसरतो. त्यासाठी कॅमेऱ्याला ट्रे आणि वळणारी भुजा लागते. बहुतेक नवखे हा खर्च टाळतात आणि ते पैसे अधिक ल्यूमेनवर घालतात. म्हणजे धुक्यात आणखी मोठे दिवे लावतात. वीस हजारांतील चार-पाच हजार भुजेसाठी राखून ठेवणे हीच या खरेदीतील सर्वांत मोठी बचत होय. दुसरा दिवा, त्याच जातीचा, पुढच्या वर्षी घेता येतो. भुजा मात्र पहिल्या दिवशी हवी.

जेथे काटकसर करू नये अशी जागा म्हणजे दिव्याची पाणीबंदी. पेटीवर आयपी-६७ असेल तर तो दिवा एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापुरता तपासलेला आहे, म्हणजे पावसासाठी ठीक. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. मीटरांत स्पष्ट लिहिलेली खोलीची हमी आणि झाकणावर शक्यतो दोन ओ-रिंगा असाव्यात. एक केस किंवा वाळूचा एक कण त्या रबरी कडीवर राहिला की पाणी वाट काढते. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी आत वायू निर्माण करते. असा दिवा उघडताना झाकण उडून दुखापत होऊ शकते, म्हणून पाणी शिरल्याचा संशय आला तर झाकण तोंडापासून दूर रोखून, सावकाश फिरवावे. नवा दिवा पहिल्यांदा बॅटरी न घालता, आत टिपकागदाचा कोरडा तुकडा ठेवून खोल पाण्यात नेऊन आणावा. कागद कोरडा निघाला तर बॅटरी घालावी. प्रत्येक बुडीनंतर झाकण न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे, पुसणे आणि मगच उघडणे, हा क्रम कंटाळवाणा असला तरी मोडू नये. अंदमान किंवा लक्षद्वीपला विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोके झाकून न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांच्या आतील बॅटरीला अडचण येत नाही. परदेशातून मागविलेला दिवा स्वस्त दिसतो, पण सीमाशुल्क भरून तो हाती येईतो भाव बदलतो, आणि बिघडला तर लिथियम बॅटरीसह परत पाठविणे म्हणजे नवा व्याप. देशातील विक्रेत्याचे पक्के बिल थोडे महाग पडले तरी स्वस्तच.

हा सारा हिशेब आजोबांनी दोन संध्याकाळी ऐकला. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा त्यांचा आयुष्यभराचा नेम. रात्री दिव्याभोवती जमणाऱ्या जीवांची चिंता त्यांना नवी नाही. त्यांनी वही मिटली आणि एकच विचारले, “बाळ, पाण्यातसुद्धा दिव्यावर किडे येतात का?”

येतात. रात्रीच्या बुडीत दिवा स्थिर धरला तर काही मिनिटांतच सूक्ष्म जीव आणि बारीक समुद्री अळ्या झोतात घिरट्या घालू लागतात, आणि त्यांच्यामागे त्यांना खाणारे येतात. लायनफिशसारखे शिकारी मासे तर डायव्हरच्या दिव्याची सवय करून घेतात. झोत ज्या माशावर पडतो तो क्षणभर दिपतो आणि पाठीमागून आलेला शिकारी त्याला टिपतो. चित्रण करणाऱ्याने काहीही केलेले नसते, त्याने फक्त दिवा धरलेला असतो. पोपटमाशांच्या काही जाती रात्री स्वतःभोवती चिकट आवरण विणून झोपतात. प्रखर झोताने त्यांची झोप मोडली की ते उधळतात, अंधारात खडकांवर आपटतात. अनेक सागरी जीवांना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही, म्हणून काही दिव्यांत मंद तांबडा झोतही दिलेला असतो. तो वाट पाहण्यासाठी वापरावा आणि पांढरा फक्त चित्रणाच्या काही सेकंदांपुरता. हेच सारे नातीने आजोबांना सांगितले. उत्तर लपविण्याजोगे नव्हते, आणि तिने ते लपविले नाही.

आजोबांनी वही पुन्हा उघडली आणि अटींच्या खाली दुसरी अट लिहिली: दिवसाच. नातीने त्याखाली आपल्या हाताने तिसरी लिहिली की एका जीवावर पांढरा झोत दहा सेकंदांहून अधिक नाही, आणि तो दूर सरकू लागला तर तेवढाही नाही.

अखेर जो दिवा आला तो जाहिरातीतील दिव्याच्या मानाने दिसायला सामान्य होता. पंधराशे ल्यूमेन, सीआरआय नव्वदीवर, शंभर अंशांचा झोत, तांबड्या उजेडाची सोय, १०० मीटरांची हमी, एक जादा बॅटरी. दिवा चौदा हजारांना, ट्रे आणि भुजा साडेचार हजारांना. उरलेल्या दीड हजारांत सिलिकॉन ग्रीस, जादा ओ-रिंगा आणि मालवणपर्यंतच्या एसटीचे भाडे निघाले. पहिल्या बुडीत टिपकागद कोरडा राहिला. दुसऱ्या बुडीत भुजा सैल राहिल्याने दिवा सतत खाली झुकत होता आणि निम्मे चित्रण वाळूचे झाले. पंखांनी तळ ढवळला गेल्याने उरलेल्यातही बरेचसे धूसर निघाले. शरीर पाण्यात स्थिर ठेवता येणे ही दिव्याच्या आधीची विद्या आहे आणि ती दुकानात मिळत नाही, असे प्रशिक्षकांनी तिला सौम्यपणे सुनावले. कामाचे म्हणता येतील असे अकरा सेकंद हाती लागले.

ते अकरा सेकंद पुढच्या रविवारी घरी लावण्यात आले. हिरव्या पाण्यात काळसर कातळ, त्याच्या पोटाखाली काळा डाग. मग एका बाजूने झोताची कड सरकत आली आणि डाग पेटल्यासारखा उजळला. आजींनी चित्र थांबवायला सांगितले. उठून पडद्याजवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढविला.

“डाळिंबी,” त्या म्हणाल्या.

“छे, विटकरीकडे झुकतो,” आजोबा गादीवरूनच म्हणाले.

वाद मिटेना, तेव्हा नातीला आतून कापडाचे दोन्ही तुकडे आणायला पाठविण्यात आले.